घातलेलं पाणी परत येतं का?



मागच्या वेळी मी आपल्या जुन्या आडांवर बोलले. ते ऐकून पाटोदा तालुक्यातल्या एका बाईंनी निरोप धाडला. "ताई, आमचे मालक पत्र्यावरचं पावसाचं पाणी बोअरात सोडायचं म्हणत्यात. खर्च हाय. घातलेलं पाणी उन्हाळ्यात परत मिळतं का, तेवढं सांगा." निरोप दोन ओळींचा आहे, पण उत्तर काही दोन ओळींत बसेना. मी इतिहासाची मास्तरीण, नोकरीभर सनावळ्या शिकवल्या. तेव्हा याचं उत्तरही मी माझ्याच वाटेनं देणार. जरा मागून सुरुवात करते, कंटाळू नका.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. शाळेची सहल तिथं नेली की मुली आधी आत डोकावून ओरडायच्या आणि मग विचारायच्या, "बाई, खजिना कुठंय?" अहमदनगरच्या निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती १५८२ च्या सुमारास बांधून घेतली. बांधकाम करणाऱ्याचं नाव राजा भास्कर असं सांगतात. सगळा खजिना हिच्यातच गेला म्हणून नाव खजाना, अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, नाव मात्र बरोबर पडलं.

या विहिरीबद्दल आपल्याकडे कौतुकानं बोलतात की दुष्काळ असो, अतिवृष्टी असो, हिचं पाणी ना चढतं ना उतरतं. यात चमत्कार नाही, बांधणीतली अक्कल आहे. विहिरीला भुयारं आहेत. एका बाजूनं जमिनीतून झिरपलेलं पाणी आत येतं, दुसऱ्या बाजूच्या भुयारातून ते आपल्या उतारानं शेताकडे निघून जातं. मोट नाही, मोटर नाही. बाहेर जाण्याचं तोंड ज्या उंचीला ठेवलं, तिथंच पाणी थांबणार. जास्त आलं तर जास्त वाहील, कमी आलं तर कमी. भांड्याला भोक पाडून ठेवलं की पाणी त्या भोकाच्या वर चढत नाही, तसंच हे. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी गावाला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहरीनं पाणी आणलं, तेही जमिनीखालच्या भुयारांतून आणि उतारावरच.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या लोकांनी जमिनीच्या वरच्या थरातून जेवढं झिरपून येईल तेवढंच घेतलं. त्याच्या खाली हात घालायची सोयच त्यांच्याकडे नव्हती. आपल्याला ती सोय पुढं मिळाली, आणि तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

पण आधी हा वरचा थर म्हणजे काय ते सांगायला हवं. आपला जिल्हा जवळजवळ सगळा लाव्हाच्या खडकावर बसलाय. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि निवला. पुरणपोळीची चवड डोळ्यांपुढं आणा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मऊ मांजऱ्या, आणि त्याखाली काळा कातळ. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. विहीर खणणारे गवंडी-वडार हे कुठल्याही पुस्तकाशिवाय जाणत होते. मांजऱ्या लागला की नारळ फोडत.

आता हिशेब बघा. शंभर घागरी मावतील एवढी जागा नदीकाठच्या वाळूनं भरलेली असेल, आणि ती वाळू पाण्यानं तुडुंब भिजलेली असेल, तर तिच्यातून पंधरा-वीस घागरी पाणी आपल्याला सुटतं. आपल्या खडकातून सुटतं एक ते तीन घागरी. म्हणजे आपली जमीन रांजण नाही, लहानशी गाडगी आहेत ती, आणि तीही उतारावर ठेवलेली. पाऊस चांगला झाला की लवकर भरतात, विहिरी काठोकाठ दिसतात, आपण खूश होतो. पण त्याच दिवसापासून ते पाणी ओढ्याकडे, नाल्याकडे सरकायला लागतं. आपण उपसलं नाही तरी सरकतं.

१९७२ साली मी आठ वर्षांची होते. त्या दुष्काळाच्या गोष्टी तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी आई-आजीकडून ऐकल्या असतील. माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. गावच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि ते जमिनीत मुरू द्यायचं, असं ते काम. बापे माती खणायचे, बाया पाट्या वाहायच्या. दुपारी सुकडी मिळायची. ती खायला आम्ही पोरं कामावर जायचो, हे खरं कारण, आईला मदत करायला जायचो असं आम्ही सांगत असू. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रभर असे तलाव झाले. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यातही हीच कामं निघत राहिली. भूगर्भात पाणी घालण्याचं आपल्या राज्यातलं पहिलं मोठं काम हेच म्हणावं लागेल, आणि ते बायकांच्या डोक्यावरून वाहिलेल्या मातीनं झालं. ते पुनर्भरण आहे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या खडी फोडायला आणि माती टाकायला गेल्या होत्या.

तलाव पुढच्या पावसाळ्यात भरला. पाणी मुरलं. तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना पाझर फुटला, रब्बीला ज्वारीऐवजी गहू आला. आमची दोन एकर होती वर, माळावर. आमच्याकडे थेंब आला नाही, येणारही नव्हता. पाणी उतारानं जातं. आई एकदाच म्हणाली, "माती मी टाकली, पाणी पाटलाच्या हिरीत निघालं." त्यात राग फारसा नव्हता, नोंद करून ठेवावी तसं बोलली. मी मात्र पुढं हे कायद्याच्या पुस्तकात वाचलं तेव्हा थबकले. इंग्रजांनी १८८२ साली एक कायदा केला, ईझमेंट अ‍ॅक्ट नावाचा. ज्याची जमीन, त्याला तिच्याखालचं पाणी काढून घ्यायचा हक्क, असं त्यात मानलंय. शेजाऱ्याची विहीर आटली तरी. म्हणजे मुरवणारी कुणीही असो, मुरलेल्या पाण्याचा मालक सातबारावाला. आणि सातबारावर बाईचं नाव किती घरांत असतं ते तुम्ही जाणता.

त्याच दुष्काळानं दुसरी एक गोष्ट गावात आणली, खडक फोडणारी बोअरची गाडी. आपल्या शेजारच्या जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनचे लोक साठच्या दशकातच बोअर घेऊन त्यावर हातपंप बसवत होते. तेव्हाचे बिडाचे पंप आठ दिवसांत मोडायचे. घरगुती वापरासाठी केलेला पंप, आणि गाव रात्रंदिवस हापसणार, दुसरं काय होणार. जालन्याच्या लोकांनी दांडा एकाच खिळीवर फिरेल असा मजबूत पोलादी पंप केला. त्याला जालना पंप म्हणत. त्यात सुधारणा होऊन सोलापूर पंप झाला, आणि त्याच्यावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. आज आफ्रिकेतल्या बाया जो हापसा हापसतात त्याचं आजोळ आपल्या मराठवाड्यात आहे. मला हे कळलं तेव्हा फार अभिमान वाटला, आणि खांदाही दुखल्यासारखा झाला.

हापसा होता तोवर बोअरनं फारसं नुकसान केलं नाही. हातानं किती उपसणार? मोटर आली, पाणबुडी मोटर, आणि हिशेब बदलला. दोनशे फुटांवर लागलं नाही तर चारशे, चारशेला नाही तर आठशे. खालच्या कातळात भेग सापडली तर पाणी मिळतं, पण ते तिथं पोचायला लागलेला काळ आपल्या पावसाळ्याच्या हिशेबात बसत नाही. शिवाय बोअर वरच्या थराला छेद देऊन जातं. केसिंग नीट नसेल तर विहिरीतलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं, आणि शंभर वर्षांची विहीर हिवाळ्यातच तळ दाखवते. सरकारनं पाहिलं नाही असं नाही. १९९३ च्या कायद्यानं गावच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी आली. २००९ च्या भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला आडकाठी घातली. गाड्या रात्री येतात, हे मी सांगायला नको.

मग २०१६ आलं. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपल्याच जिल्ह्यात हापशावर पाणी भरताना एक शाळकरी मुलगी उन्हानं गेली. पेपरात आलं होतं, तुमच्या लक्षात असेल. तेव्हापासून रिचार्ज हा शब्द गावोगाव आला. जमिनीतून काढलं, आता जमिनीत घालू.

आता जरा लांब जाऊ, पण प्रश्न तुमचाच आहे. माझी भाची पुण्यात भूगर्भशास्त्र शिकते. तिनं मला एका प्रबंधाची गोष्ट सांगितली. नेदरलँड्स देशात डेल्फ्टच्या विद्यापीठात कून झ्यूरबियर नावाच्या संशोधकानं २०१६ साली डॉक्टरेटसाठी तो सादर केला. योगायोग बघा, इथं पाण्याची रेल्वे धावली तेच वर्ष. प्रबंधाचा विषय असा, की गोडं पाणी जमिनीत घातलं तर त्यातलं किती परत काढता येतं.

तो देश पाण्यानं भरलेला, मग त्यांना काय दुःख? त्यांच्या जमिनीखाली खारं पाणी आहे. अ‍ॅमस्टरडॅम शहरानं १८५३ पासून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं गोडं पाणी उपसलं. उपसा वाढला तसं खालून खारं पाणी वर येऊ लागलं. शेवटी १९५७ पासून त्यांनी नदीचं पाणी आणून त्या टेकड्यांत मुरवायला सुरुवात केली. म्हणजे आधी काढायचं, मग घालायचं, ही चूक एकट्या मराठवाड्याची नाही.

झ्यूरबियरनं शेतकऱ्यांच्या कामाचं काही शोधलं. तिथं काचघरांत भाजी-फुलं पिकवतात. त्या काचेच्या छपरांवरचं पावसाचं पाणी विहिरीतून जमिनीत घालायचं आणि उन्हाळ्यात काढायचं. पण गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्यावर तरंगत वर सरकतं, आणि काढायला गेलं की थोड्याच दिवसांत खालून खारं यायला लागतं. घातलेलं पाणी जमिनीत असतं, पण हाती लागत नाही. म्हणून त्यानं एकाच जागी वेगवेगळ्या खोलीच्या नळ्या वापरून बघितल्या, खालून घालायचं आणि वरून काढायचं. ओव्हेझांडे नावाच्या गावी एका फळबागेत तर आडव्या नळ्या पुरल्या, सात-एक मीटरवर एक आणि पंधरा-एक मीटरवर दुसरी. वरचीतून हिवाळ्यात गोडं पाणी घालायचं, खालचीतून खारं उपसत राहायचं, म्हणजे वरच्या गोड्याला जागा होते. उथळ थरातच साठवायचं आणि उथळ थरातूनच घ्यायचं. आणि जमिनीत घालण्याआधी पाणी वाळूतून गाळून घ्यायचं, कारण गाळ गेला की विहिरीची तोंडं बुजतात.

हे यंत्र इथं आणा असं मी म्हणत नाही. तिथं सपाट वाळू, इथं उताराचा खडक. त्यांचा वैरी खारं पाणी, आपला वैरी नाला आणि शेजारची मोटर. पण त्यानं जो प्रश्न विचारला तो आपल्याकडे कुणी विचारत नाही. आपल्याकडे किती तलाव झाले, किती नाले खोल केले, किती बोअरांना खड्डे केले, हे मोजतात. किती परत आलं, आणि कुणाच्या घागरीत आलं, हे नाही मोजत.

विचारायला आपल्या जवळचं उदाहरणही आहे. सौराष्ट्रात १९८५ ते १९८७ असे लागोपाठ दुष्काळ पडले. त्यानंतर तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो विहिरींत पावसाचं वाहतं पाणी वळवलं. रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्यायींनी त्यात पुढाकार घेतला होता. सौराष्ट्राचा पुष्कळसा खडक आपल्यासारखाच लाव्हाचा. त्यांना फायदा झाला, नक्की झाला. पण कशाचा? पावसानं ओढ दिली तेव्हा खरिपाला एक-दोन पाणी देता आली, पीक वाचलं. घातलेलं पाणी दोन-चार महिन्यांत कामाला आलं आणि संपलं. गाडगं लहान आहे म्हणताना हेच होणार. त्यांनी ते ओळखून वापरलं. आपण मात्र जुलैत घातलेलं पाणी मे महिन्यात मिळेल अशी आशा धरतो, आणि मधल्या काळात उसाला किंवा मोसंबीला दिवसभर मोटर चालू ठेवतो.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचा खर्च वाचेल. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्हीही घरच्या बोअरला रिचार्ज करून घेतलं. करणाऱ्यानं गच्चीचा पाइप सरळ केसिंगमध्ये सोडला, वरून एक जाळी बसवली आणि पैसे घेऊन गेला. पहिल्याच पावसात गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण, सगळं बोअरात. पंधरा दिवस पाण्याला वास येत होता. तपासून घेतलं तर पिण्यालायक नाही असा निकाल आला. विहिरीत घाण पडली तर उपसून काढता येते, बोअरात उतरायचं कुणी? म्हणून सांगते, पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या. बोअरभोवती खड्डा घ्या, तळाला मोठे दगड, वर खडी, वर बारीक खडी, सगळ्यात वर वाळू, आणि पाणी त्यातून गाळूनच आत जाऊ द्या. दर उन्हाळ्यात वरची वाळू धुवा. गोठ्याचं, संडासाच्या शोषखड्ड्याजवळचं, किंवा खतं-औषधं मारलेल्या रानातलं पाणी चुकूनही बोअरात सोडू नका. घराजवळ जुनी विहीर किंवा आड असेल तर आधी त्यात घाला. तो वरचा थर आहे, तिथलं पाणी दिसतं, मोजता येतं.

किती मिळेल? तीनशे चौरस फुटांचा पत्रा असेल आणि साडेसहाशे मिलिमीटर पाऊस झाला, आपल्याकडे सरासरी साधारण तेवढा आहे, तर गळती-सांड वजा जाता पंधरा हजार लिटर. हजारभर घागरी. टाकीत ठेवल्या तर त्या हजारही तुमच्याच. जमिनीत घातल्या तर त्या गावच्या झाल्या, आणि खालच्या अंगाला ज्याची मोटर मोठी त्याच्या आधी. म्हणून बाईंना माझं सांगणं असं, की पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी पिण्याची टाकी करा. टाकी भरून वर सांडेल ते जमिनीत घाला.

आणि जमिनीत घालायचं तर एकट्या घरानं भागत नाही. ही गोष्ट पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतरच ओळखली. देवस्थानच्या माळावर त्यांनी पाणी अडवलं, मुरवलं, खाली विहीर घेतली. इथवर आपल्या पाझर तलावासारखंच. पण पुढं त्यांनी पाणी पंचायत काढली आणि नियम केले. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर मिळणार. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, जमीन कितीही असो. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. १८८२ च्या कायद्याला एका माळरानानं दिलेलं हे उत्तर होतं. मी ते वाचलं तेव्हा आईची पाटी आठवली. आमच्या गावात तसा नियम असता तर माळावरच्या दोन एकरांनाही त्या तलावाचा वाटा आला असता. आष्टीच्या पलीकडे नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. दर वर्षी पाऊस किती झाला, विहिरीत किती आहे, हे मांडून मग कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढून ठेवतात, उरलं ते शेतीला. माझ्या मते सगळं गुपित या क्रमात आहे.

आमच्या गावी बचत गटाच्या बायांनी गेल्या दिवाळीपासून एक काम धरलंय. सुंभाला हातहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दर अमावस्येला तीन विहिरींत तो सोडायचा आणि किती गाठी भिजल्या ते शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. दिवाळीला एका विहिरीत चौदा गाठी होत्या. संक्रांतीला नऊ. शिमग्याला चार. चार लिहिलेलं वाचून पहिल्यांदाच ग्रामसभेत एका बाईनं उठून विचारलं, की मधल्या दहा गाठी कुणाच्या रानात गेल्या. सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरपंचांनी तो विषय पुढच्या सभेत घेऊ म्हणून लिहून घेतला. पुढची सभा अक्षय तृतीयेनंतर आहे. काय झालं ते तेव्हा सांगेन.

पाटोद्याच्या बाई, तुम्हीही एक सुंभ घ्या. नमस्कार.